बोर्ड बदलण्याआधी डायोड बघा

आजची ३.५ इंची हार्ड डिस्क चुकीचा अडॅप्टर लागून मुकी झालेली. अशा वेळी लगेच डिस्कच्या खालचा सर्किट बोर्ड नवा शोधू नका. पॉवर कनेक्टरजवळ ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनवर टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज स्वतःवर घेऊन बोर्ड वाचवणारे छोटे भाग) असतात. मल्टिमीटर दोन्ही दिशांनी शून्य ओहमच्या आसपास दाखवतोय? मग डायोड शॉर्ट. तो काढला की बरेचदा डिस्क फिरते. पण संरक्षण गेलेलं असतं, त्यामुळे डेटा उतरवण्यापुरतंच.

बोर्डच जळला असेल तर त्यावर छापलेला नंबर जुळवा. नुसता स्क्रूने बसवून भागत नाही: त्या डिस्कच्या हेडची (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाची) मोजमापं बहुधा बोर्डावरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये (कायम मेमरीत) असतात. ती चिप हॉट एअर गनने काढून, तिच्यावरच्या ठिपक्याची दिशा सांभाळून नव्या बोर्डावर लावायची. आणि टकटक आवाज बहुधा हेडचा, बोर्डाचा नव्हे.