कंबरलँड ते पिट्सबर्ग पायी: जुन्या रेल्वेमार्गावरचे १५० मैल

ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज ही अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या कंबरलँडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंतची सायकलची आणि पायी चालण्याची वाट. सायकलने ती तीन-चार दिवसांत होते. पायी जाणाऱ्याने दहा दिवस धरावेत. नियोजनातली बहुतेक गडबड इथेच होते, कारण या वाटेवरची मुक्कामाची ठिकाणे, पाण्याची सोय, दुकाने हे सगळे सायकलच्या हिशेबाने पसरलेले आहे. नकाशावर दोन गावांत १७ मैल दिसतात. सायकलवाला तेवढ्यात दुपारचे जेवण उरकतो, चालणाऱ्याचा तिथे अख्खा दिवस जातो.

दुसरी फसगत सपाटीची. मार्ग मुळात आगगाडीचा. कंबरलँड ते कॉनेल्सव्हिल हा वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा फाटा १९१२ मध्ये सुरू झाला आणि १९७५ मध्ये बंद पडला. त्यापुढचा बराच भाग पिट्सबर्ग अँड लेक एरी रेल्वेचा. १९८६ मध्ये ओहायोपायलजवळ पहिला तुकडा पायवाट म्हणून खुला झाला आणि सलग वाट पूर्ण व्हायला २०१३ साल उजाडले. चढ कुठेही दोन टक्क्यांच्या वर नाही, त्यामुळे दम लागत नाही आणि ‘रोज २५ मैल सहज’ असे वाटू लागते. पण डोंगरवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळे पडते, तर इथे दिवसाला तीस-पस्तीस हजार पावले अगदी एकसारखी. तोच स्नायू, टाचेची तीच जागा, खाली दाबून बसवलेली चुनखडीची बारीक खडी. इथे माणसे दमून थांबत नाहीत. फोड आणि नडगीचे दुखणे त्यांना थांबवते, तेही बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

म्हणून जड, घोट्यापर्यंतचे ट्रेकिंगचे बूट घरी ठेवा. भरपूर गादीचे पळण्याचे बूट अर्धा ते एक नंबर मोठे घ्या, कारण पाय दिवसभरात सुजतो. चुनखडीची भुकटी मोज्यात शिरून सँडपेपरसारखी घासते, तेव्हा बुटावर बसणारे कापडी गेटर्स लावा. दर तासाला बूट-मोजे काढून पाय वाळवा आणि जिथे चुरचुरते तिथे फोड येण्याआधीच टेप लावा. फोड आल्यावर लावलेल्या टेपचा फारसा उपयोग नाही. नडगी दुखू लागली तर पावले आखूड टाका आणि कडेला गवत असेल तर थोडा वेळ त्यावरून चाला. सराव करतानाही टेकड्या चढण्यापेक्षा पूर्ण ओझे घेऊन सलग दोन दिवस १५-१५ मैल सपाट, कडक रस्त्यावर चालून बघा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिथे दुखेल, तिथेच वाटेवरही दुखणार.

दिशा कोणती? मैलाचे दगड कंबरलँडला शून्यापासून सुरू होऊन पिट्सबर्गला १५० वर संपतात. कंबरलँडहून निघाले की पहिल्या २४ मैलांत सुमारे ५४० मीटर चढ आणि मग शेवटपर्यंत हलका उतार. सायकलवाले यावर तासन्‌तास वाद घालतात. चालणाऱ्याला चढ-उताराचा फरक कमी, बोगद्याचा जास्त. २२व्या मैलानंतर येणारा बिग सॅव्हेज बोगदा (३,२९४ फूट) आतले पाणी गोठून अस्तराचे नुकसान होऊ नये म्हणून हिवाळ्यात दारे लावून बंद ठेवतात, साधारण डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. वळसा घ्यायला धड पर्यायी वाट नाही. वसंताच्या तोंडावर जाणार असाल तर पिट्सबर्गहून निघा, म्हणजे बोगद्यापाशी पोहोचेपर्यंत आठ दिवस हातात मिळतात. एरवी कंबरलँडहून निघावे. जंगलाचा भाग ताज्या पायांनी होतो आणि डांबरी भाग शेवटी येतो.

स्वतःची मोटार पिट्सबर्गमध्ये ठेवून अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वेने कंबरलँड गाठणे सर्वांत सोपे. परतीची वेळ गाठायची घाई उरत नाही. मात्र ही आगगाडी दिवसातून एकदाच आहे आणि पिट्सबर्गहून भल्या पहाटे सुटते. जागरण करून त्याच दिवशी फ्रॉस्टबर्गचा चढ घेऊ नका. एक रात्र कंबरलँडला काढा.

पहिला दिवस फ्रॉस्टबर्ग, १६ मैल. शेजारून पर्यटक रेल्वेचा रूळ जातो. सुमारे सहाव्या मैलावरच्या ब्रश बोगद्यात वाट आणि रूळ एकत्रच आहेत. आगगाडी आत असेल तर बाहेर थांबा, इंजिनाचा धूर निवळू द्या. फ्रॉस्टबर्ग गाव वाटेच्या बरेच वर आहे. शेवटची नागमोडी चढण हिशेबात धरा, ती १६ मैलांत नाही.

दुसरा दिवस मायर्सडेल, पुन्हा १६. हा या वाटेचा कळस. बॉर्डन बोगदा, मग मेसन-डिक्सन रेषा (मेरीलँड संपून पेनसिल्व्हेनिया सुरू), बिग सॅव्हेज आणि लगेच ७२९ मीटरवर पूर्वेकडचा जलविभाजक. इथून मागे पडलेले पाणी अटलांटिकला जाते, पुढे पडलेले मेक्सिकोच्या आखाताला. मधे गाव नाही, पाण्याचा भरवसा नाही. तीन लिटर घेऊनच निघा. बोगद्यात दिवे आहेत, तरी डोक्याचा दिवा सोबत ठेवा. तो पार करायला बारा-पंधरा मिनिटे लागतात आणि भर उन्हाळ्यातही गारठा असतो, तेव्हा जाकीट पिशवीत वर ठेवा.

तिसरा दिवस मुद्दाम लहान: रॉकवुड, १२ मैल. वाटेत १,९०८ फूट लांबीचा सॉल्सबरी पूल लागतो. उघड्यावर वारा जोरात असतो, टोपी सांभाळा. चौथ्या दिवशी कॅसलमन नदीच्या काठाने १८ मैल, कॉन्फ्लुएन्स. पाचव्या दिवशी फक्त १० मैल आणि ओहायोपायल. धबधबा आणि राफ्टिंगमुळे उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे खोली मिळणे मुश्किल, म्हणून मुक्काम आठवड्याच्या मधल्या दिवशी येईल अशी निघण्याची तारीख ठरवा. सहावा दिवस कॉनेल्सव्हिल, १७ मैल, यॉकगेनी नदीच्या दरीतून, मधे काही मिळत नाही. पुन्हा तीन लिटर पाणी. या पट्ट्यात मोबाईलला रेंजही जेमतेम असते. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

इथे पाण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हा कोळशाच्या खाणींचा प्रदेश. बंद खाणींतून झिरपणारे आम्लयुक्त पाणी ओढ्यांत येते, त्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम असते. तळाशी नारिंगी किंवा पांढरट साका दिसला तर ते पाणी घेऊ नका. ट्रेकर वापरतात तो फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेले धातू अडवत नाही. उकळूनही ते जात नाहीत. पाणी गावातल्या नळाचेच भरा.

कॉनेल्सव्हिल ते वेस्ट न्यूटन हे २५ मैल पायी एका दिवसात करू नका. दोन दिवसांत तोडा. तंबू असेल तर मधे राउंड बॉटम आणि सीडर क्रीक पार्क इथे तो लावता येतो. नवव्या दिवशी मॅकीझपोर्ट, १८ मैल. दहाव्या दिवशी आणखी १८, आणि ते जवळजवळ सगळे डांबर. पोलाद कारखान्यांच्या खुणा, होमस्टेडची जुनी धुराडी पाहायला छान, पायांना मात्र सर्वांत कठीण दिवस हाच. मोजे नवे घाला, जास्त वेळा थांबा.

तंबू वाटेच्या कडेला वाटेल तिथे लावता येत नाही. ठरलेल्या जागीच, आणि त्या जागा सारख्या अंतरावर नाहीत. रॉकवुडला खासगी कॅम्पग्राउंड आहे, कॉनेल्सव्हिलला तीन बाजूंनी बंद लाकडी निवारे आहेत. ओहायोपायलच्या उद्यानातले कॅम्पग्राउंड डोंगरावर आहे, दिवस संपताना चढ पडतो. एकूण हिशेबात तंबूपेक्षा गावातले मुक्काम परवडतात असे माझे मत: ओझे अकरा किलोवरून सातवर येते आणि कडक वाटेवर प्रत्येक किलो शेवटी टाचेवरच पडतो. अन्न दोन दिवसांपेक्षा जास्त वाहायचे कारण नाही. मोठे किराणा दुकान कॉनेल्सव्हिलला आहे. तंबूत झोपणार असाल तर कानात घालायचे बोळे न्या. नदीपलीकडच्या रुळांवर मालगाड्या रात्रभर धावतात.

गोचिडींसाठी रोज रात्री गुडघ्यामागे, कमरेपाशी, केसांत तपासणी करा. लाइम आजार इथे खराच होतो. तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्ही या अंगाला खाज आणणाऱ्या वेलीला हात लावू नका. शरद ऋतूत शिकारीचा मोसम असतो, शिकाऱ्यांना दिसाल असे भडक नारिंगी बिनबाह्यांचे जाकीट वरून घाला. उजवीकडून चाला आणि दोन्ही कानांत इअरफोन नकोत. उतारावर सायकली जवळजवळ आवाज न करता येतात.

ज्यांना आणखी चालायचे आहे त्यांच्यासाठी कंबरलँडहूनच दुसऱ्या दिशेला चेसापीक-ओहायो कालव्याची १८४.५ मैलांची वाट वॉशिंग्टनपर्यंत जाते. पायी जाणाऱ्याला ती मुक्कामासाठी सोपी, कारण थोड्या-थोड्या मैलांवर तंबूच्या फुकट जागा आहेत. पण पावसानंतर तिथे चिखल होतो. ती जोडायची असेल तर पिट्सबर्गहून निघा आणि कंबरलँडला एक पूर्ण दिवस पायांना सुट्टी द्या.