शिकाऱ्यासमोर उभे राहिलेले जनावर

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एका जुन्या भित्तिपटाचे छापील चित्र लावलेले आहे. फुलांनी गच्च भरलेल्या हिरव्या जमिनीवर एक पांढराशुभ्र एकशिंगी, म्हणजे युनिकॉर्न, बसला आहे, त्याच्याभोवती गोल लाकडी कुंपण आहे, गळ्यात पट्टा आहे आणि पट्ट्याची साखळी मागच्या डाळिंबाच्या झाडाला बांधलेली आहे. लोकर आणि रेशीम वापरून केलेले हे मूळ विणकाम १४९५ ते १५०५ या काळातले मानले जाते आणि आज ते न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात आहे. एकशिंग्याच्या शिकारीची कथा सांगणाऱ्या सात पटांपैकी हा एक. बरीच वर्षे मी हे बंदिवासाचे करुण चित्र समजत होतो. एकदा फोनवर बोलता बोलता नजर कुंपणावर स्थिरावली, आणि ते किती ठेंगणे आहे हे प्रथमच लक्षात आले. धडधाकट जनावर ते एका उडीत ओलांडून जाईल. साखळीही ढिलीच आहे. अंगावरचे तांबडे ओघळ मी जखमांचे धरून चाललो होतो, पण अभ्यासक त्यांचा संबंध वरच्या पिकून उकललेल्या डाळिंबांच्या रसाशी जोडतात. म्हणजे मनात आणले तर हा प्राणी केव्हाही उठून जाऊ शकतो, आणि तरीही तो बसला आहे.

तेव्हापासून दंतकथांतल्या रानच्या प्राण्यांविषयी वाचताना मी एक सवय लावून घेतली. प्राणी कसा दिसतो यापेक्षा तो भेटतो तेव्हा समोरचा माणूस काय करतो, हे आधी पाहायचे. एकशिंगी म्हणजे पावित्र्य, पांढरे हरीण म्हणजे आत्म्याचा वाटाड्या, रानमाणूस म्हणजे दडपलेली वासना, अशी कोष्टके पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. ती अगदीच खोटी नाहीत, परंतु वाळवलेल्या फुलांच्या वहीसारखी आहेत. फूल ओळखता येते, वास मात्र येत नाही. या कथांमध्ये माणूस रानात जातो तो बहुधा धनुष्य, भाला किंवा कुऱ्हाड घेऊन, आणि जनावर समोर आल्यावर त्याचा उगारलेला हात खाली येतो की नाही यावर कथेचा पुढचा सारा भार असतो. माझ्या मते या प्राण्यांचा आध्यात्मिक अर्थ त्या एका क्षणात साठलेला असतो.

हा क्षण सर्वांत लख्खपणे दिसतो तो ओडिशातल्या नवगुंजराच्या कथेत. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही, पंधराव्या शतकातल्या सारळा दासांच्या ओडिया महाभारतात आहे. अर्जुन डोंगरावर असताना त्याच्यासमोर एक अजब जनावर येते. त्याचे डोके कोंबड्याचे, मान मोराची, वशिंड बैलाचे, कंबर सिंहाची आणि शेपटीच्या जागी साप आहे, आणि ते ज्या तीन पायांवर उभे आहे तेही वेगवेगळ्या प्राण्यांचे आहेत. अर्जुन धनुष्य उचलतो, कारण ओळखीच्या कोणत्याही चौकटीत न बसणारी गोष्ट समोर आली की हातातले शस्त्र आपसूकच वर येते. तेवढ्यात त्याचे लक्ष चौथ्या पायाकडे जाते. तिथे पाय नाही, माणसाचा हात आहे, आणि त्या हातात कमळ आहे. अर्जुन धनुष्य खाली ठेवतो आणि त्या रूपापुढे नतमस्तक होतो, कारण हा कृष्ण आहे हे त्याला उमगलेले असते.

या कथेचा अर्थ सांगताना ईश्वर सर्व प्राण्यांत आहे एवढे म्हणून लोक थांबतात. मला तिच्यातला क्रम अधिक मोलाचा वाटतो. कृष्ण आधी बोलत नाही, स्वतःची ओळख देत नाही आणि 'मारू नकोस' असेही सांगत नाही. तो फक्त एक हात दिसेल इतपत ठेवतो, आणि तो पाहणे न पाहणे सर्वस्वी अर्जुनावर सोडतो. ज्याने एकेकाळी पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काहीही न पाहण्यात नाव कमावले, त्याला इथे सबंध प्राणी पाहावा लागतो. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या शिखरावरील नीलचक्राच्या कडेवर आठ नवगुंजर कोरलेले आहेत.

हरणाच्या कथांमध्ये हाच प्रसंग निरनिराळ्या धर्मांच्या वेशात येतो. ख्रिस्ती परंपरेत प्लॅसिडस नावाचा रोमन सेनानी एका मोठ्या हरणाचा पाठलाग करतो, हरीण वळून उभे राहते आणि त्याच्या शिंगांच्या मधोमध त्याला क्रूस दिसतो. पुढे तो संत युस्टेस म्हणून ओळखला जातो. हीच गोष्ट पुढे इ.स. ७२७ मध्ये वारलेल्या संत ह्युबर्ट यांच्या चरित्रातही येऊन मिसळली, आणि गंमत अशी की शिकार थांबवणाऱ्या या दर्शनातून ह्युबर्ट शिकाऱ्यांचेच पालक संत झाले. बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी निग्रोधमृग जातकात मात्र हरीण स्वतः बोलते. त्या दिवशी मारले जाण्याची पाळी एका गाभण हरिणीची असते, दुसऱ्या कळपाचा राजा तिच्याऐवजी स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवतो आणि वाराणसीच्या राजाला ते पाहवत नाही. राजा त्याला अभय देतो. मग हरीण विचारते, बाकीच्या हरणांचे काय? त्यांनाही अभय मिळाल्यावर, इतर चतुष्पादांचे काय? पक्ष्यांचे काय? पाण्यातल्या माशांचे काय? दया एकदा मिळाली की तिथेच न थांबता ती एकेक पायरी पुढे रेटणारे हे जनावर मला शिंगांत क्रूस मिरवणाऱ्या हरणापेक्षा जवळचे वाटते. बुद्धांनी पहिला उपदेश केला तो मृगदाव, म्हणजे हरणांचे रान, आणि धम्मचक्राच्या दोन्ही बाजूंना बसलेली हरणे आजही त्याच रानाची आठवण देतात.

या सगळ्याची उलटी बाजू म्हणजे मारीच. वाल्मीकींच्या अरण्यकांडात तो रुपेरी ठिपक्यांचा सोनेरी मृग होऊन येतो. लक्ष्मणाला पाहताक्षणी संशय येतो आणि तो तसे स्पष्ट बोलूनही दाखवतो. तरीही राम त्याच्यामागे जातो. या मृगाच्या शिंगांमध्ये काही दिसत नाही आणि तो वळून उभाही राहत नाही, नुसता लांब लांब नेत राहतो. खरे दर्शन आणि मायामृग यांच्यातला फरक लोककथांनी किती साधेपणाने सांगितला आहे ते पाहावे. एक जनावर थांबते आणि तुम्हाला थांबवते, दुसरे थांबतच नाही.

आता पुन्हा एकशिंग्याकडे येतो, कारण त्याचा एक धागा थेट आपल्या पुराणांपर्यंत पोचतो. इ.स.पू. ४०० च्या सुमारास क्टेसियास या ग्रीक वैद्याने भारतात एका शिंगाचे रानगाढव असते असे लिहून ठेवले. तो इराणच्या दरबारी होता आणि भारतात आलेला नव्हता. त्याच्या वर्णनातले शिंग बुडाशी पांढरे, मध्ये काळे आणि टोकाला लालभडक आहे, आणि त्यातून पाणी प्यायल्यास विषबाधा होत नाही. पुढे 'फिझिऑलॉगस' या ख्रिस्ती प्राणिकथांच्या ग्रीक ग्रंथात हा प्राणी कोणत्याही शिकाऱ्याला हाती लागत नाही, केवळ कुमारिकेच्या मांडीवर आपण होऊन डोके टेकतो, आणि त्यातून ख्रिस्त आणि मेरी यांचे रूपक उभे राहते.

आता वनपर्वातला ऋष्यशृंग आठवावा. विभांडक ऋषींचा हा मुलगा हरिणीच्या पोटी जन्मलेला असून त्याच्या डोक्यावर शिंग आहे, आणि वडिलांखेरीज दुसरे माणूस त्याने कधी पाहिलेले नाही. अंगदेशात अवर्षण पडते. हा तरुण राज्यात आला तरच पाऊस पडेल असे राजा लोमपादाला सांगण्यात येते, म्हणून नावेवर एक खोटा आश्रम उभारून एक गणिका त्याला आणायला जाते. ती जाऊन आल्यावर ऋष्यशृंग वडिलांना जे सांगतो, ते आपल्या वाङ्मयातले एक विलक्षण कोवळे निवेदन आहे. एक जटाधारी ब्रह्मचारी आला होता, असे तो म्हणतो. त्याच्या जटा लांब आणि सुगंधी होत्या, गळ्याखाली दोन सुंदर गोळे होते, तो एक गोल फळ जमिनीवर आपटी आणि ते पुन्हा उसळून वर येई. त्याची तपश्चर्या मलाही शिकायची आहे, असेही तो सांगतो. स्त्री काय आणि चेंडू काय, दोन्ही त्याच्या भाषेत नाहीत. बौद्ध परंपरेत तो एकशृंग होतो, आणि तीच कथा जपानपर्यंत जाऊन इक्काकु सेन्निन, म्हणजे एकशिंगी तपस्वी, असे नाव घेते. युरोपचा एकशिंगी आणि आपला ऋष्यशृंग यांच्यातील हे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच टिपलेले आहे. मला त्यातला भेद मोलाचा वाटतो. तिथे मांडीवर डोके ठेवलेल्या प्राण्यावर भाले पडतात, इथे रानातला निष्पाप जीव नगरात पाऊल टाकतो आणि पाऊस सुरू होतो.

सगळेच रानजीव असे सोज्वळ नसतात, आणि हे बरेच आहे. स्लाव लोकांचा लेशी हा रानाचा धनी दाट झाडीत झाडांएवढा उंच आणि रानाच्या कडेला गवताएवढा ठेंगणा होतो. त्याचे जोडे उलट्या पायांत असतात आणि तो वाटसरूला भुलवून त्याच त्या जागी फिरवत ठेवतो. मराठीत यासाठी 'चकवा लागणे' हा नेमका शब्द आहे, तो इतर किती भाषांत सापडेल याची शंकाच आहे. लेशीच्या तावडीतून सुटायचे तर अंगातले कपडे उलटे करून घालायचे आणि जोडे पायांत अदलाबदल करून चढवायचे, असा तोडगा सांगतात. हा तोडगा मला फार आवडतो. रानाने वाट उलटी केली, तर तुम्हीही उलटे व्हा, आपल्या सुलट्या चालीचा हट्ट घटकाभर सोडा. ब्राझीलच्या रानातला कुरुपिरा तर पावलेच उलटी घेऊन फिरतो. १५६० मध्ये जोसे द आंशिएता या जेझुइट धर्मप्रचारकाने त्याचा उल्लेख पत्रात केलेला आहे. गरजेपेक्षा अधिक शिकार करणारा जो त्याचा माग काढील, तो नेमका विरुद्ध दिशेला जातो. उलटी पावले म्हटली की आपल्याला हडळ आठवते आणि भीती वाटते, पण कुरुपिराची पावले हावऱ्या शिकाऱ्यासाठीच उलटी असतात.

चीनच्या चिलिनविषयी थोडक्यात सांगतो. जिवंत गवतावर पाय पडू नये इतक्या जपून हा प्राणी चालतो आणि सत्पुरुषाच्या आगमनाची वर्दी देतो अशी समजूत आहे. इ.स.पू. ४८१ मध्ये शिकारीत एक चिलिन पकडला गेला अशी नोंद आहे, आणि ते ऐकून कन्फ्यूशियस रडले अशी परंपरा आहे. शुभचिन्ह आले होते, पण ते ओळखण्याऐवजी लोकांनी त्याची शिकार केली. पुढे १४१४ मध्ये बंगालहून मिंग दरबारात आलेल्या जिराफाचे चिलिन म्हणून स्वागत झाले, आणि जपानी भाषेत जिराफाला आजही 'किरिन', म्हणजे चिलिनच, म्हणतात. दंतकथेतला प्राणी प्रत्यक्षात सापडला की त्याचे बहुधा असेच होते. नाव उरते आणि थरथर जाते. हिमालयातल्या खुमजुंगच्या गोंपातली, म्हणजे बौद्ध मठातली, यती या हिममानवाची समजली जाणारी डोक्याची कातडी १९६० मध्ये तपासणीसाठी परदेशी नेण्यात आली आणि ती सेराव या रानबकऱ्यासारख्या प्राण्याच्या कातड्याची निघाली. ती परत आणून गोंपात ठेवली गेली, आणि ते योग्यच झाले.

रानाच्या रक्षकाची माझ्या माहितीतली सर्वांत जुनी कथा मात्र उगारलेला हात खाली न येण्याची आहे. मेसोपोटेमियाच्या गिल्गमेश काव्यात एन्लिल देवाने देवदारांच्या रानावर हुंबाबा नावाचा राखणदार नेमलेला आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये त्याचा तळहातावर मावेल एवढा, मातीचा मुखवटा आहे. सिप्पर इथे सापडलेला हा मुखवटा इ.स.पू. १८०० ते १६०० च्या दरम्यानचा आहे. डोळे, नाक, ओठ, सुरकुत्या हे सारे आतड्यांच्या एका सलग वेटोळ्याने घडवलेले आहे, कारण बळी दिलेल्या जनावराची आतडी अशी दिसली तर त्यावरून शकुन सांगितला जाई, आणि तो मजकूर मागच्या बाजूला कोरलेला आहे. रान राखणाऱ्याचे तोंड कापलेल्या जनावराच्या पोटातून वाचायचे, ही कल्पना पहिल्यांदा कळली तेव्हा मी काही वेळ पुढचे वाचूच शकलो नाही.

२०११ मध्ये इराकमधल्या सुलेमानिया संग्रहालयाने या काव्याच्या पाचव्या फलकाचा एक तुकडा मिळवला आणि २०१४ मध्ये त्याचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यात हुंबाबाचे रान ऐकू येते. पक्षी साद घालतात, रातकिडे एकसुरात किरकिरतात, माकडांच्या आया गातात आणि पिल्ले चीत्कारतात, आणि दरबारी वादकांसारखे हे सारे रोज हुंबाबापुढे वाजत असते. तो केवळ अक्राळविक्राळ राक्षस नाही, या मैफिलीचा तो राजा आहे. पराभूत झाल्यावर तो प्राणांची भीक मागतो, काव्याचा नायक गिल्गमेश घुटमळतो, आणि 'मार' म्हणून टोचणी लावतो तो त्याचा मित्र एन्किदू, म्हणजे हरणांच्या कळपात वाढलेला, हुंबाबाला लहानपणापासून ओळखणारा, स्वतः रानाचाच मुलगा. हुंबाबा मारला जातो आणि देवदार तोडले जातात. आपण रान उजाड केले, आता एन्लिलला काय उत्तर द्यायचे, असे शब्द त्या नव्या तुकड्यात एन्किदूच्याच तोंडी आहेत.

त्या रानातल्या सर्वांत उंच देवदाराचा दरवाजा घडवून एन्लिलच्या निप्पूर नगरातल्या मंदिराला अर्पण केला जातो. पुढे देवांनी आपला मृत्यू ठरवला आहे हे कळल्यावर आजारी एन्किदू अंथरुणावरून त्या दरवाजाशी माणसाशी बोलावे तसा बोलू लागतो. तुझ्यासारखे लाकूड शोधायला मी किती लांबवर फिरलो, तुला कसे तासले, कसे उभे केले, हे तो त्याला सांगतो, मग त्याला शिव्याशाप देतो, आणि बोलताना त्याला हेही माहीत असते की दरवाजाला कान नाहीत.