मोडीच्या भावावर चढलेली बोली

जिनिव्हात दरवर्षी मे आणि नोव्हेंबरात दागिन्यांचे मोठे लिलाव होतात. त्याआधी काही दिवस सरोवराकाठच्या हॉटेलांत ते दागिने पाहायला ठेवतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका हिरे व्यापाऱ्याकडे मी रत्नपारखी आहे. जिनिव्हात त्या दागिन्यांपुढे बसून खडे तपासायचे आणि बोली कुठपर्यंत न्यावी हे शेठना कळवायचं, हे माझं काम. जुना दागिना असला तर आम्ही हिशेब एकाच रीतीने करतो. खडे कोंदणातून सोडवले, लागलंच तर नव्याने घासून घेतले, तर विकून काय सुटेल? हा झाला मोडीचा भाव. त्याच्या वर एक रुपया द्यायचा नाही.

त्या दिवशी माझ्यापुढे लाल चामड्याची एक पेटी आली. आत १८९० च्या आसपासचा हिऱ्यांचा टियारा, म्हणजे डोक्यावर घालायचा मुकुटासारखा दागिना. पानांच्या वेलबुट्टीवर फुलं, आणि मधलं फूल सगळ्यांत मोठं.

दागिना मी आधी उलटा करून बघते, कारण कारागीर मागच्या बाजूला सापडतो. पुढे चांदी होती आणि पाठीला सोनं. प्लॅटिनमचं काम रुळण्याआधी युरोपातले चांगले सराफ असंच घडवत. पांढऱ्या हिऱ्याला सोन्याची पिवळी झाक लागू नये म्हणून पुढे चांदी. ती काळी पडते आणि तिचे डाग केसांना, कपड्यांना लागतात म्हणून मागे सोनं. फुलं स्क्रूवर बसवलेली. सोडवली की प्रत्येकाचा ब्रोच होतो. पेटीच्या एका कप्प्यात त्यासाठीचा इवलासा पेचकस अजून जागेवर होता. प्रत्येक फुलाच्या पाठीवर आणि वेलीवरच्या त्याच्या जागेवर एकच आकडा बारीक कोरलेला, म्हणजे ज्याचं फूल त्याच जागी परत बसावं. एवढ्या वर्षांत एकही फूल हरवलं नव्हतं, एकाचीही अदलाबदल झाली नव्हती. मी आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले, आणि खरं सांगायचं तर गरज नसतानाही पाहिले.

मग आयग्लास, म्हणजे डोळ्याचं भिंग, लावून खडे. बहुतेक सगळे ओल्ड माइन कट या जुन्या घाटाचे. कोपरे गोलसर, माथा उंच, वरचा सपाट पैलू लहान, आणि तळाचं टोक कापलेलं असल्यामुळे वरून मधोमध एक ठिपका दिसतो. आजच्या घाटासमोर ठेवले तर बेढब वाटतात. पण ते घडले मेणबत्तीच्या आणि गॅसच्या उजेडासाठी. टेबलावरचा पांढरा दिवा बंद कराल का, असं मी तिथल्या बाईंना विचारलं. त्यांनी दिवा बंद केला आणि पेटी खिडकीपासून जरा आत ओढली. मधलं फूल स्प्रिंगवर होतं, श्वास लागला तरी थरथरायचं. अंधुक उजेडात त्यातून लाल, हिरव्या, केशरी ठिणग्या निघाल्या, मोठ्या आणि संथ. अळूच्या पानावर पाणी डुलावं तसं ते सगळं डुलत होतं. आमच्या बोर्समधल्या, म्हणजे संकुलातल्या हिरेबाजारातल्या, पांढऱ्याफेक दिव्यांखाली हे कधीच दिसलं नसतं.

तरी हिशेब करायलाच हवा होता. खडे बसवलेलेच असतात, वजन करता येत नाही. गेजने मापं घेऊन अंदाज बांधायचा. मग नव्या घाटात आणताना होणारी तूट वजा करायची. ही तूट लिहिताना मला नेहमी अर्काटच्या हिऱ्यांची आठवण येते. अर्काटच्या नवाबाने इंग्लंडच्या शार्लट राणीला दिलेले हे हिरे १८३७ च्या लंडनमधल्या लिलावात मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर या इंग्रज उमरावाने घेतले. त्याच लिलावात त्याने नाशिकचा हिराही घेतला, आपल्या त्र्यंबकेश्वराचा, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी नेलेला. अर्काटचे हिरे १९३० मध्ये त्या घराण्याच्या टियारात बसवले गेले. १९५९ मध्ये तो टियारा १,१०,००० पौंडांना अमेरिकेतला हिरे व्यापारी हॅरी विन्स्टनने घेतला, हिरे काढले आणि नव्याने घासले. एक ३३.७० कॅरेटचा ३१.०१ झाला, दुसरा २३.६५ चा १८.८५. व्यापारी म्हणून त्याचं गणित मला कळतं. पण उडालेली ती भुकटी मला डाचते.

संध्याकाळी शेठना फोन केला. मोडीचा भाव सांगितला, आणि न विचारता पुढे म्हटलं, "शेठ, हा मोडू नका. अख्खा घ्या आणि अख्खा विका. आकड्यांसकट, पेचकसासकट असा पुन्हा मिळणार नाही." इंग्लंडच्या राजकन्या मार्गारेटने १९५९ मध्ये ५,५०० पौंडांना घेतलेला पोल्टिमोर टियारा २००६ मध्ये लंडनला ९,२६,४०० पौंडांना गेला, हेही सांगितलं. त्याचेही असेच ब्रोच होतात.

"तो राजकन्येने लग्नात घातलेला, ताई," शेठ म्हणाले. "याचा मालक कोण, हे तरी कुणाला ठाऊक आहे? अख्ख्याचं गिऱ्हाईक मी कुठून आणू? तुमचा आकडा तो आपला आकडा."

त्यांचं चूक नव्हतं. आमचा धंदा सुट्या खड्यांचा.

लिलावात मी फोनवर शेठना बोली ऐकवत होते. मोडीच्या भावापर्यंत पाच-सहा हात वर होते, आणि त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे, आमच्यासारखेच खडेवाले. त्या आकड्याशी येताच ते एकामागून एक खाली गेले. आम्हीही थांबलो. उरले दोघे, एक खोलीत आणि एक टेलिफोनवर. ते दोघे चढवत राहिले. हातोडा पडला तेव्हा रक्कम माझ्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होती, लिलावगृहाचं कमिशन वेगळं. एवढे पैसे मोजणाऱ्याने तो मोडला तर निम्मी रक्कम त्याच दिवशी बुडणार. निदान या मालकाकडे तरी फुलं आपापल्या आकड्यावर राहणार.

"गेला ना?" शेठनी विचारलं.

"गेला. बरं झालं," मी म्हटलं.

ते थोडं थांबले, मग म्हणाले, "बरं. आता त्या बदामी घाटाच्या हिऱ्यांच्या जोडीचं बोला. कितीपर्यंत जायचं?"

मी वही उघडली आणि आकडा सांगितला.