वळिवडे कॅम्प, गांधीनगर आणि तो फॉरवर्ड मेसेज

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज वर्षातून एकदा तरी येतोच. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांना सगळ्या जगानं दार बंद केलं आणि कोल्हापूरच्या महाराजांनी पोटाशी धरलं, असा त्याचा सूर. ऑगस्ट २०२४ मध्ये मोदी वॉर्सात कोल्हापूरच्या स्मारकावर फुलं वाहून आले तेव्हा तर तो एका दिवसात पाच ठिकाणांहून आला. मी कोल्हापूरचाच, अभिमान मलाही आहे, पण त्यात दोन गोष्टींची भेसळ झालीय आणि खरी भारी गोष्ट बाजूलाच राहते म्हणून हे लिहितोय.

पोलंडच्या मुलांना बोलावून घेणारे राजे म्हणजे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. त्यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडीला मुलांचा कॅम्प उभारला. वळिवड्याचा पोलिश कुटुंबांचा कॅम्प १९४३ चा, जागा कोल्हापूर संस्थानातली, पण बांधला-चालवला ब्रिटिश हिंदुस्थान सरकारनं आणि पैसे दिले लंडनमध्ये बसलेल्या पोलंडच्या परागंदा सरकारनं. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा दोनेक वर्षांचं बाळ होतं, कारभार रीजन्सीकडे, म्हणजे राजा लहान असताना राज्य बघणाऱ्यांकडे. त्या बाळाने कुणाला पोटाशी धरलं असेल काय सांगा.

ही माणसं आली कुठून तेही मेसेजमध्ये कधी नसतं. पूर्व पोलंड रशियानं घेतल्यावर फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या कुटुंबांना मध्यरात्री उठवून मालगाडीच्या डब्यात घालून सायबेरिया, कझाकस्तानात पाठवलं. मग १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, रशियाला पोलंडशी करार करावा लागला, यांची सुटका झाली, आणि त्यातून जनरल अँडर्सची पोलिश फौज उभी राहिली. फौजेबरोबर बायकापोरं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला, तिथून कराचीला, आणि तिथून कोल्हापूर-मिरज लाइनवरच्या वळिवड्याला. धडधाकट पुरुष बहुतेक फौजेत, म्हणजे कॅम्पात आल्या त्या आया, आज्या आणि पोरंच जास्त. सगळे मिळून ५,००० च्या आसपास.

आता मला भारी वाटते ती गोष्ट. वळिवड्यात कुटुंबाला बराकीत आपल्या खोल्या होत्या आणि स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. महिन्याला भत्ता हातात पडायचा, बाई बाजारात जाऊन आपल्या पोरांना काय घालायचं ते ठरवायची. भाजीवाले, दूधवाले, शिंपी आसपासच्या गावांतले, म्हणजे तो पैसा कोल्हापुरातच फिरला. शाळा तर किती, प्राथमिकपासून कॉलेजच्या उंबऱ्यापर्यंत, शिक्षक तयार करायचा कोर्ससुद्धा, आणि सगळं पोलिश भाषेत. चर्च, दवाखाना, नाटकाचं थिएटर, स्काउट. छाती कमजोर असलेल्या पोरांना हवापालटाला पाचगणी. म्हणजे मदत म्हणून नुसतं पोतं टाकून गेलं नाही कुणी. गाव चालवायला दिलं होतं त्यांना.

आपण मदत म्हटलं की काय करतो? सोसायटीत खाली खोका ठेवतो आणि लोक त्यात कपाटातल्या नको झालेल्या साड्या, एका पायाचा बूट आणि लग्नातले ब्लेझर टाकून मोकळे होतात. गाडीभाडं कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त. माझं स्पष्ट मत आहे, तिथल्या तिथं बाजार चालू असेल तर पैसे द्या, बाईला कळतं घरात काय संपलंय ते.

पण त्याच १९४३ साली बंगालमध्ये लाखो लोक भुकेनं मेले, आणि सरकार तेच, ब्रिटिश हिंदुस्थानचं. वळिवड्यात जमलं कारण तिथं खर्चाला कुणीतरी उभं होतं, त्यांच्या बाजूने बोलणारं, दोस्त राष्ट्रांत वजन असलेलं सरकार होतं. मन मोठं असणं वगैरे ठीक आहे हो, पण पाच हजार माणसं पाच वर्षं मनाच्या मोठेपणावर जेवत नाहीत.

आणि ते वजन गेल्यावर काय होतं तेही इथंच दिसलं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. युद्ध जिंकलेलं, पण यांची गावं सोव्हिएत युनियनमध्ये गेलेली, परत जायचं कुठं? मग खर्च आंतरराष्ट्रीय संस्थांकडे गेला, बालाचडी बंद होऊन तिथली उरलेली मुलंही वळिवड्याला आली, आणि १९४७-४८ मध्ये लोक पांगत गेले, कुणी पोलंडला, बरेच इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा. कॅम्प संपला १९४८ ला.

बांगलादेशात कॉक्स बझारला रोहिंग्यांचं बघा. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांवर माणसं आली. २०२३ मध्ये देणगीदारांचा पैसा आटला तेव्हा माणशी महिन्याचं रेशन १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरवर आणलं. महिन्याचं बरं का, दिवसाचं नाही. नंतर थोडं वाढवलं. बाहेर रीतसर काम करायला परवानगी नाही, पोरांना सुरुवातीची कितीतरी वर्षं धड शाळेचा अभ्यासक्रमसुद्धा नव्हता. त्यांच्या बाजूने बोलायला लंडनमध्ये सरकार बसलेलं नाही, म्यानमार तर त्यांना नागरिकच मानत नाही.

वळिवड्याच्या बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथं राहायला आली आणि त्याचंच झालं गांधीनगर. हो, तेच गांधीनगर, जिथं अख्खं कोल्हापूर-सांगली-बेळगाव लग्नाचा बस्ता बांधायला जातं. माझ्या आईला तिथले तीन दुकानदार नावानं ओळखतात आणि तरीही ती तासभर घासाघीस करते. कल्याणचा लष्करी कॅम्प असाच सिंधी निर्वासितांना दिला आणि उल्हासनगर झालं, तिथं आजही पत्त्यात कॅम्प नंबर लिहितात. या लोकांना रेशन मिळालं, बराक मिळाली, पण धंदा करायची मोकळीक मिळाली हे सगळ्यात महत्त्वाचं. आणि नागरिकत्व तर होतंच. रोहिंग्यांकडे यातलं काहीच नाही, मग ते आळशी आहेत, फुकट खातात असं आपण आरामात म्हणतो.

पोलंडच्या लोकांनी लंडनमध्ये संघटना काढून वळिवड्याच्या आठवणी जमवल्या, म्हातारे होऊन परत बघायलाही आले, कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये स्मारक उभं राहिलं, २०१९ मध्ये वळिवड्यातही. आपल्या बाजूचं फारसं लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. कॅम्पात दूध घालणारा पोरगा तेव्हा दहा वर्षांचा असेल तर आज नव्वदी ओलांडून गेला. सिंधी बाजूचंही तेच, बराकीत जन्मलेली माणसं आता पंचाहत्तरीत आहेत. उचगाव, वळिवडे, चिंचवाड बाजूला कुणाचे आजोबा असतील तर मोबाईलवर रेकॉर्डिंग तरी करून ठेवा, आणि फॉरवर्डऐवजी तेच ग्रुपवर टाका.