टाळ्या वाजवणारं कोर्ट

आज मायामीत ड्रग कोर्ट बघून आले, म्हणजे व्यसनी आरोपींना तुरुंगाऐवजी उपचारांवर ठेवणारं कोर्ट. १९८९ मध्ये अमेरिकेतलं असलं पहिलं कोर्ट इथेच सुरू झालं. जजनी एका पोराला विचारलं, "नशा सोडून किती दिवस झाले?" "नव्वद." अख्ख्या कोर्टाने टाळ्या! मागच्या बाकावरची त्याची आई पर्स घट्ट धरून रडत होती. पुढचा लघवीच्या तपासणीत सापडलेला. त्याला चांगलाच झापला, पण आत नाही टाकला. उपचारांच्या बैठका वाढवल्या.

आपल्याकडेही एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम ६४ए आहेच की. थोड्या मालासह पकडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर खटल्यातून सूट. (उपचार अर्धवट सोडले की सूट जाऊ शकते.) पुण्यात बारा वर्षं वकिली केली, एकदाही तो अर्ज केला नाही. जामीन, जामीन आणि जामीन.