गप्प राहता येणारा स्पीकर

परवा दुपारी काम करता करता टेबलावरचा डावा स्पीकर मुका झाला. तशी त्याची ही खोड जुनीच होती. कॉम्प्युटरच्या मागे खोचलेली पिन अर्धा वळसा फिरवली, किंचित वर दाबून धरली आणि श्वास रोखला, की तो पुन्हा बोलू लागे; मग पिन त्याच अवस्थेत टिकावी म्हणून वायरखाली खोडरबर सरकवायचे आणि टेबलाला धक्का न लावता उरलेला दिवस काढायचा, असा आमच्यातला अलिखित करार होता. त्या दिवशी अर्धा वळसा झाला, पूर्ण वळसा झाला, खोडरबर झाले, शेवटी त्याच्या डोक्यावर एक चापटही मारून झाली, तरी तो बोलेना. नवी जोडी घ्यावी लागणार हे तेव्हाच ठरले, आणि ती स्वस्तातलीच घ्यायची हेही ठरले, कारण टेबलावरच्या स्पीकरांवर याहून जास्त खर्च करण्याइतका मी माझ्या कानांचा आदर करत नाही.

स्वस्त स्पीकरांच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या टायपात वॅटचा आकडा छापलेला असतो आणि तो वाचताना चेहरा गंभीर ठेवणे मला अजून जमलेले नाही. एके काळी त्या आकड्याच्या शेपटाला ‘पीएमपीओ’ ही अक्षरे लावलेली असत. ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’ हे त्यांचे पूर्ण रूप. पण ती शक्ती मोजायची कशी याचा सर्वमान्य नियमच नसल्यामुळे तळहाताएवढ्या डब्यांत शेकडो वॅट सुखाने नांदत असत. आता ती अक्षरे विरळ झाली असली तरी वृत्ती शाबूत आहे. जोडी यूएसबीच्या वायरवर चालणारी असेल तर तिचा हिशेब बोटांवर करता येतो. यूएसबी २.० च्या साध्या पोर्टमधून ५ व्होल्ट आणि ५०० मिलीअँपियर, म्हणजे सगळे मिळून अडीच वॅट मिळतात, आणि त्यातलाही काही वाटा आतला अँप्लिफायर स्वतःच गिळतो. एवढ्या शिदोरीवर दोन स्पीकर वीस वॅट कसे देतात, हे त्या खोक्यालाच ठाऊक.

बरे, वीस वॅट हवेत कोणाला? आवाज कानाला दुप्पट वाटावा म्हणून शक्ती साधारण दसपट करावी लागते, हे खरे. पण स्पीकर निम्म्या अंतरावर आणला तर मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने चढतो, म्हणजे चौपट शक्ती फुकटात मिळाल्यासारखे होते. टेबलावरचा स्पीकर तर हात लांब केला की लागेल इतक्या अंतरावर असतो. तिथे एक वॅटदेखील पुरून उरतो, आणि तो पुरा वापरला तर भिंतीपलीकडून कोणीतरी ठोकू लागते. खोक्यावरचा दुसरा आकडा ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा; हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, आकडा मोठा तसा सूर उंच. हा पल्ला मुळात माणसाच्या कानाचा, तोही कोवळ्या आणि धडधाकट कानाचा. तो उचलून जसाच्या तसा खोक्यावर छापला आहे. दोन-अडीच इंचांच्या पडद्याकडून वीस हर्ट्झची अपेक्षा धरणे म्हणजे चिमणीकडून खर्ज लावून घेणे आहे. तरीही अशा चिमुकल्या स्पीकरवर आपल्याला डग्गा ऐकू आल्याचा भास होतो, तो मेंदूच्या उदारपणामुळे. खालचा मूळ सूर पोहोचला नाही तरी त्याचे वरचे उपस्वर पोहोचतात आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ सुराची जागा स्वतःच भरून काढतो. स्वस्त स्पीकरांचा निम्मा धंदा या उदारपणावर चालतो असे माझे मत आहे.

लहानपणी आमच्या घरात एक रेडिओ होता आणि तो उघडण्याचा अधिकार फक्त धाकट्या काकांना होता. एकदा त्यांनी त्यातला स्पीकर सोडवून टेबलावर उताणा ठेवला. तपकिरी कागदाचा तो खोलगट पडदा, कडेला बारीक चुण्यांची झालर, मधोमध टोपीसारखा फुगवटा आणि पाठीला जड चुंबक, ज्याला काकांचा स्क्रूड्रायव्हर जाऊन चिकटला होता. त्यांनी टॉर्चमधला एक सेल काढला आणि स्पीकरच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना टेकवल्या. ‘टप्’ असा आवाज झाला आणि पडदा बोटाच्या पेराइतकाही नाही, जेमतेम नखाच्या जाडीइतका पुढे आला व तिथेच थांबून राहिला. वायरी उलट टेकवल्यावर तो तितकाच आत गेला. मग मी कागदाचे चार कपटे पडद्यावर ठेवले आणि काका सेल टेकवत-उचलत राहिले, तसे ते कपटे उडू लागले. ‘पुढे आणि मागे, एवढेच त्याला येते बघ,’ काका म्हणाले. पुढे कधीतरी वाचनात आले की चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली अमेरिकेत ज्या रचनेचा स्पीकर जगापुढे मांडला, त्याच तत्त्वावर आजचेही बहुतेक स्पीकर चालतात. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटलेला पडदा, पुढे आणि मागे.

त्याच रेडिओला टोनची एक चावी होती. आजोबा ती उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवून ठेवत, कारण त्यांच्या मते एरवी बातम्यांतले शब्द बोथट येत. आम्हा मुलांना तो आवाज कोरड्या फळ्यावर खडू किरकिरावा तसा टोचत असे. आजोबा उठून गेले की आमच्यापैकी कोणीतरी चावी हळूच मागे आणी आणि ते परत येऊन बसले की, कोणी काही न बोलता, ती पुन्हा उजवीकडे जाई.

काकांच्या त्या सेलने मला मोठेपणी एकदा तोंडघशी पाडले आहे. आताच्या जोडीच्या आधीच्या जोडीची मधली वायर खुर्चीच्या चाकाखाली तुटली होती आणि ती मी स्वतःच जोडली होती. त्यानंतर कित्येक महिने गाण्यांतला सगळा घुमारा नाहीसा झाला. गायक समोर न राहता कुठेतरी डोक्याच्या मागे उभा राहून गातो आहे असे वाटू लागले, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वस्त मालाविषयी व्याख्यान देत राहिलो. एके दिवशी उगाच सेल टेकवून पाहिला तेव्हा एक पडदा पुढे आला आणि दुसरा आत गेला. वायरीची टोके मीच अदलाबदल करून जोडली होती. एक पडदा हवा ढकलत होता, त्याच क्षणी दुसरा ती ओढून घेत होता आणि खालचे सूर त्या ओढाताणीत मरत होते. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी कोणालाही मी हे कळवलेले नाही.

निवडीच्या वेळी माझा हट्ट मात्र एकच असतो, आणि तो विक्रेत्यांना फारसा रुचत नाही. ते आपले धडधडणारे गाणे लावून देतात आणि मी त्यांना गाणे बंद करायला सांगतो. काहीही वाजत नसताना व्हॉल्यूम शेवटपर्यंत चढवायचा आणि कान जाळीजवळ न्यायचा. डेस्कटॉपचे स्पीकर दिवसातला बराच वेळ चालू असतात, पण वाजत नसतात. आपण टंकत असतो, वाचत असतो, खिडकीबाहेर पाहत असतो आणि ते हातभर अंतरावर बसलेले असतात. अशा वेळी कोणी सतत ‘सूंऽऽ’ करत असेल, कोणाच्या अडॅप्टरमधून घुमणारी गुणगुण येत असेल, कोणी माउस हलवला की बारीक चिरचिरत असेल, तर त्याच्या गाण्याचे मला काय कौतुक? पूर्वी मोबाइलवर फोन यायच्या आधी स्पीकर ‘टिडिक्-टिडिक्’ करून वर्दी देत आणि काचेच्या जाडजूड मॉनिटरजवळ सरकवले तर आतल्या चुंबकामुळे पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग पाडत. त्या मानाने आताचे सभ्य झाले आहेत, पण गप्प बसणे अजून सगळ्यांना साधत नाही. व्हॉल्यूमची चावी तेवढी मी दोनदा फिरवून पाहतो. ती फिरताना खरखरत असेल, किंवा आवाज अगदी कमी केल्यावर एकच बाजू बोलत असेल, तर पुढचे सगळे मला आजच दिसते.

या हट्टापायी तीन जोड्या नाकारून मी चौथी घरी आणली. टेबलावर मांडली, मागच्या कडा पुठ्ठ्याने न उचलता पुढच्या कडा उचलल्या म्हणजे पडदे छातीऐवजी कानांकडे पाहू लागतील, डावा-उजवा आणि माझे डोके यांचा त्रिकोण सारख्या बाजूंचा करून घेतला. मग गाणे न लावता व्हॉल्यूम पूर्ण चढवला, माउस गोलगोल फिरवला, जाळीला कान टेकवला. काही नाही. अशी नितळ शांतता मला इतक्या स्वस्तात आजवर मिळाली नव्हती आणि ती मी डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसलो.

तेवढ्यात बारा वर्षांची लेक खोलीत आली आणि दारातच थबकून म्हणाली, ‘बाबा, ही शिट्टी कसली वाजते आहे?’

‘कसली शिट्टी?’

तिने उजव्या स्पीकरकडे बोट दाखवले, जवळ येऊन त्याचे बटण बंद केले आणि म्हणाली, ‘थांबली.’ चालू केले आणि म्हणाली, ‘आता पुन्हा.’ मी कान जाळीला दाबून धरला, दुसरा कान हाताने झाकला, तरी मला काहीच ऐकू आले नाही. ती थट्टा करते आहे असे समजून मी पाठ फिरवून उभा राहिलो आणि तिला बटण मला वाटेल तेव्हा नव्हे, तिला वाटेल तेव्हा दाबायला सांगितले. ते उलट व्हायला हवे होते हे लक्षात आल्यावर मग तिला पाठमोरी उभी केले. दहाच्या दहा वेळा तिने बरोबर सांगितले. नंतर कॉम्प्युटरवर चढत जाणारा एकच सूर लावून पाहिला, तेव्हा १२,००० हर्ट्झच्या आसपास मी म्हणालो की संपला, आणि ती कानांवर हात ठेवून कितीतरी वेळ तशीच उभी होती.

नाकारलेल्या त्या तीन जोड्यांविषयी आता मी फारसा विचार करत नाही. ही जोडी परत करायची मुदत अजून चार दिवस आहे. लेक खोलीतून जाता जाता बटण बंद करते आणि ती गेली की मी ते पुन्हा चालू करतो. त्यावर आम्ही दोघे अजून काही बोललेलो नाही.