किट नको, वाइंडिंगच्या दुकानात चल

शाळेत विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं की पोरांचं पहिलं वाक्य, ऑनलाइन किट मागवूया. भाचीला मी सरळ नाही म्हटलं, कारण किटमध्ये सगळं कापून सोलून येतं आणि पोरीला करायला राहतं काय, तर स्क्रू पिळणं.

त्यापेक्षा जुनी माणसं बरी. 1820 ला ओर्स्टेड या शास्त्रज्ञाला दिसलं की तारेतून करंट गेला की शेजारची होकायंत्राची सुई हलते, आणि पुढच्याच वर्षी फॅरेडेनं करंटवर तार चुंबकाभोवती गरागरा फिरवली. त्यानं पारा वापरला होता, तो आपण अजिबात आणायचा नाही, विषारी असतो. आपल्याला छोटी मोटर करायला एक सेल, दोन सेफ्टी पिना, खराब स्पीकरमधलं मॅग्नेट आणि इनॅमलची, म्हणजे करंट अडवणारा पातळ थर चढवलेली, तांब्याची तार बास.

तारेसाठी सांगलीत हिंडायला लागत नाही. नदीकाठी जिकडे तिकडे शेतीपंप, ते जळणार, म्हणून मोटर वाइंडिंगची, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देणारी, दुकानं भरपूर. मिस्त्रींकडे नवीन तारेचे उरलेले तुकडे मागायचे, जळक्या मोटरीतली नको, तिच्यावरचं इनॅमल गेलेलं असतं आणि वेढे आपापसात शॉर्ट होतात.

आता खरी गंमत. सेलवरच तार गुंडाळून कॉइल करायची, दोन टोकं दोन बाजूंना सरळ काढायची, एक टोक पूर्ण घासायचं, आणि दुसरं, कॉइल उभी धरून, फक्त वरच्या अर्ध्या बाजूनं. मग सेलच्या दोन टोकांना लावलेल्या पिनांच्या भोकांत ती अडकवायची, खाली मॅग्नेट. पोरं दोन्ही टोकं चकचकीत घासतात आणि मग कॉइल आडवी होऊन डुलत बसते, कारण करंट चालूच राहतो आणि मॅग्नेट तिला तिथेच धरून ठेवतं. अर्धं इनॅमल राहिलं तर अर्ध्या फेरीत करंट बंद, कॉइल आपल्या वेगानं पुढे जाते, परत करंट, परत ढकल. माझ्या मते अख्ख्या प्रयोगात समजून घेण्यासारखं हे एवढंच आहे आणि किटमध्ये नेमकं तेच घासून आलेलं असतं!

एडिसनचा बल्ब पण करून बघता येतो, बारीक पेन्सिल लीड, 12 व्होल्टची बॅटरी, वर काचेची बरणी. आधी धूर, मग झकास उजेड, आणि थोड्या वेळात लीड तुटतं कारण बरणीत हवा आहे. 1879 ला एडिसननं बल्बमधली हवा ओढून घ्यायला केवढी खटपट केली ते तिथं कळतं. मोठं माणूस जवळ पाहिजेच, काच लई तापते.

भाचीनं मोटर केली. ती दाखवायला परत मिस्त्रींकडे गेलो तर ते हसायला लागले, म्हणाले, आमच्या मोटरीत कशाला घासाघाशी बाळ, एसी करंट स्वतःच उलटसुलट होतोय की. मग त्यांनी पंपाचा उघडा स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा भाग, दाखवला, थ्री फेजची, म्हणजे पाठोपाठ उलटसुलट होणाऱ्या तीन करंटांची, तीन वाइंडिंग वेगवेगळी, आणि आत फिरणाऱ्या रोटरला बाहेरून एकही तार जोडलेली नाही. पोरगी बघतच राहिली. ही निकोला टेस्ला या संशोधकाची आयडिया, 1888 चं पेटंट.

रस्त्यातच म्हणाली, मामा, पुढच्या वर्षी ही करूया. आमच्या घरात सिंगल फेजच आहे हे मी तिला लगेच सांगून टाकलं.